मढ्याचा पिक्चर

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार. भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, डब्याच्या तळाशी राहिलेला चिवडा आणि एक मोडकी करंजी घेऊन दुपारी चहाला बसलो होतो आणि फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, सतीश शाह गेले. मला आधी वाटलं अफवा असेल, कारण पाचच दिवसांपूर्वी असरानी गेले होते आणि त्यानंतर ग्रुपवर कुणाकुणाचे जुने फोटो हार घालून फिरत होते. मग टीव्ही लावला तर खरंच होतं. ७४ वर्षं.

बाबा आतल्या खोलीत पडले होते. मी दारात जाऊन म्हटलं, बाबा, सतीश शाह गेला. ते उठून बसले, चष्मा लावला, आणि म्हणाले, "डिमेलो गेला?"

आमच्या घरात त्यांना सतीश शाह कुणी म्हणतच नाही. सगळ्या जगासाठी ते 'साराभाई' मालिकेतले इंद्रवदन असतील, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला तेच होते आणि ते बरोबरच आहे, ती भूमिका आहेच तशी. माझ्या मावशीसाठी ते 'गंमत जंमत'मधले इन्स्पेक्टर फुटाणे. पण आमच्याकडे ते म्हणजे 'जाने भी दो यारों' या पिक्चरमधले म्युनिसिपल कमिशनर डिमेलो, आणि कमिशनरपेक्षाही जास्त, डिमेलोचं प्रेत. आई त्या पिक्चरला नावानं हाक मारायचीच नाही, "मढ्याचा पिक्चर" म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं कॅसेट काढायला लागलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "परत ते मढं लावताय का सणासुदीचं?" आणि पंधरा मिनिटांनी हात पुसत येऊन बसायची.

तर मी बाबांना म्हटलं, पुढच्या शनिवारी बघू या, नीट, सगळे मिळून. बाबा म्हणाले, आपल्या कॅसेटवर बघू. आता कॅसेट कुठली लागतेय, पण बाबांनी एकदा म्हटलं की ते डोक्यात बसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच कॅसेटवर बघायचा होता.

थोडं बाबांबद्दल सांगतो, नाहीतर हा पिक्चर आमच्या घरात एवढा का मुरलाय ते कळणार नाही. बाबा कॉर्पोरेशनमध्ये ड्रेनेजला होते. पस्तीस वर्षं. नकाशे, उतार, चेंबर, कुठून कुठली मलवाहिनी जाते आणि पावसाचं पाणी कुठल्या नाल्यानं समुद्राला मिळतं, हे त्यांना अजूनही परळ ते वरळी तोंडपाठ आहे. साइटवरून आले की दाराबाहेर चपला, थेट मोरीत, डेटॉलचं पाणी, मग आम्हाला हात लावायचे. १९८३ साली ऑफिसातले चौघं मिळून हा पिक्चर बघायला गेले, कुणीतरी सांगितलं होतं की यात कमिशनर आहे आणि गटारांवर डायलॉग आहेत. बाबा सांगतात की थिएटरात माणसं मोजकीच होती आणि हे चौघंच जागा सोडून हसत होते. डिमेलो गेल्यावर त्याच्या नावानं पुलाचं उद्घाटन होतं आणि नवा कमिशनर भाषणात सांगतो की देशाची प्रगती ओळखायची असेल तर गटार बघा, डिमेलोसाहेब गटारासाठी जगले आणि गटारासाठी मेले, तिथे म्हणे त्यांच्यातला एक जण खुर्चीतून खाली घसरला होता. बाबा आजही म्हणतात, "लिहिणाऱ्यानं विनोद म्हणून लिहिलंय रे, पण वाक्य खरं आहे. शहराचं पहिलं काम गटारच."

कॅसेट माळ्यावर सापडली. दोन तास शोधली, गणपतीची मखरं, जुना मिक्सर, माझ्या दहावीच्या वह्या सगळं खाली आलं आणि मग एका फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात दहा-बारा कॅसेटी निघाल्या. शेजारच्या काकांकडे व्हीसीआर होता, दूरदर्शनवर लागलेला पिक्चर त्यांनी आम्हाला रेकॉर्ड करून दिला होता. कॅसेटच्या कडेला पट्टी चिकटवलेली आणि त्यावर आईच्या अक्षरात, निळ्या बॉलपेननं: "मढं. पुसू नये." आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी ती पट्टी बघत शिडीवरच उभा राहिलो, खालून बायको विचारतेय मिळाली का, मिळाली का, आणि माझ्या तोंडून काही शब्द फुटेना.

व्हीसीआर अर्थातच नव्हता. सोमवारी हाफ डे टाकून लॅमिंग्टन रोडला गेलो. आम्ही परळच्या बाजूला राहतो, प्रभादेवी स्टेशनवरून गाडी. १२ सप्टेंबरपासून एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतलेला, त्यामुळे सगळीकडे पत्रे उभे आणि माणसं रेल्वेच्या पुलावरून वळसा घालून. लष्करानं बांधलेल्या पादचारी पुलाच्या बाजूनं गेलो की मला २०१७ आठवतंच, २९ सप्टेंबरची ती चेंगराचेंगरी, त्या दिवशी माझी गाडी दादरलाच अडकली म्हणून मी वाचलो असं आई शेवटपर्यंत म्हणायची. आणि त्यानंतर आठवड्याभरातच, ७ ऑक्टोबरला, कुंदन शाह गेले. पेपरात आतल्या पानांवर अजून पुलाच्याच बातम्या आणि त्यातच ज्यानं मुंबईतल्या पडणाऱ्या पुलावर पिक्चर केला त्या दिग्दर्शकाची बातमी, ते पान बाबांनी कापून ठेवलंय. मग १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीचा पूल पडला तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला आणि नुसते बसून राहिले. हा पिक्चर आम्ही हसायला बघतो पण बाबांचं हसणं वेगळ्या ठिकाणी थांबतं, ते मला मोठेपणी कळलं.

लॅमिंग्टन रोडला चार दुकानांत नाही म्हणाले, पाचव्यानं आतल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे पाठवलं. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर उघडलेला व्हीसीआर, इअरबड्स आणि स्पिरिटची बाटली. चाचांनी कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाले, फंगस. टेपच्या कडेनं पांढरा बुरा, सायीसारखा. त्यांनी स्क्रू काढले, दोन्ही चकत्या बाहेर काढल्या, आणि स्पिरिटमध्ये भिजवलेलं मऊ कापड चिमटीत धरून टेप हातानं फिरवत फिरवत पुसायला लागले. घाई नाही काही नाही. अर्धा तास मी बाजूला स्टुलावर बसून ते बघत होतो. मग लावून बघितली. आधी नुसत्या रेघा, मग रेघांच्या मागून माणसं दिसायला लागली, रंग उडून सगळं हिरवट झालेलं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. नसीर आणि सतीश कौशिक एकाच खोलीत पाठीला पाठ लावून एकमेकांशी फोनवर बोलतायत तो सीन होता. सात-आठ मिनिटं चाललं आणि टेप अडकली. चाचांनी पटकन बंद केलं, हलक्या हातानं गुंता सोडवला आणि म्हणाले, आता यापुढे लावली तर तुटेल, घेऊन जा, जपून ठेवा. पैसे घेईनात. मीच बळजबरीनं टेबलावर ठेवले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं नाराज होतील. ते म्हणाले, "पट्टी शाबूत आहे ना? मग झालं." कॅसेट त्यांनी उशाशी घेतली.

मग शनिवारी, १ नोव्हेंबरला, नव्या स्वच्छ प्रिंटवर बघायचं ठरलं. २०१२ मध्ये ही दुरुस्त केलेली प्रिंट थिएटरात लागली होती तेव्हा आईबाबांना घेऊन गेलो होतो, आई त्या दिवशी एवढी हसली की इंटरव्हलला तिला ठसका लागला. यावेळी घरातच. वरच्या मजल्यावरचे काका-काकू आले, मुलगी मावशीकडे जाणार होती ती थांबली, बायकोनं कांदाभजी केली कारण बाहेर आभाळ गच्च भरलेलं, नोव्हेंबर आहे की जुलै कळत नव्हतं. टेरेसवर चादर लावून बघायचा विचार त्यामुळेच सोडला. नियम मी ठरवला होता एकच: गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, जोक पाठ आहेत, आज फक्त सतीश शाहांकडे बघायचं. फ्रेममध्ये ते कोपऱ्यात असले तरी त्यांच्याकडेच. नसीर बोलत असला तरी नाही, ओम पुरी बोलत असला तरी नाही.

हे सोपं नाहीये, करून बघा. डोळा आपोआप बोलणाऱ्याकडे जातो. सपोर्टिंग नटाचं सगळं काम या सवयीच्या मागे लपलेलं असतं आणि ते नीट केलं तर दिसूच नये अशी अपेक्षा असते. मी बाबांच्या खुर्चीजवळ खाली बसलो होतो, हातात रिमोट आणि वही.

आधी जिवंत डिमेलो. तेव्हा सतीश शाह किती वर्षांचे असतील? १९५१ चा जन्म, पिक्चर ८३ चा, म्हणजे जेमतेम बत्तिशीचे. आणि पडद्यावर पन्नाशी उलटलेला, खाऊन खाऊन सुस्तावलेला साहेब बसलाय असं वाटतं. नुसता मेकअप नाहीये तो, बसण्यात आहे. खुर्चीत बसताना ते आधी पोट ठेवतात आणि मग बाकीचे बसतात असं मी वहीत लिहिलंय. केकचा सीन आम्ही तीनदा बघितला. केक खात खात ते शिकवतात की थोडा खा, थोडा फेक. ते वाक्य सगळ्यांना माहितीये. पण मी यावेळी तोंड बघत होतो. घास गिळून मग बोललं असतं तर ते नुसतं वाक्य झालं असतं. घास गालात ठेवून बोललं की त्या बोलण्याला चव येते, लाच ही त्या माणसासाठी पोटात जायची गोष्ट आहे, विचारात घ्यायची नाहीच. बाबा म्हणाले, "असा एक साहेब मी बघितलाय," आणि कोण ते सांगितलं नाही, काकांनी खोदून विचारलं तरी नाही.

बाबांचं अजून एक चाललं होतं. प्रत्येक चेहरा आला की हळूच म्हणायचे, "आहे." किंवा "गेला." नसीर, आहे. रवी बासवानी, गेला, २०१० ला. पंकज कपूर, आहे. नीना गुप्ता, आहे. सतीश कौशिक, २०२३. ओम पुरी, २०१७. पार्श्वसंगीत वाजलं तेव्हा मी सांगितलं, वनराज भाटिया, २०२१. पिक्चर जिनं कापला-जोडला ती रेणू सलुजा तर २००० सालीच गेली. आणि भक्ती बर्वे पडद्यावर आल्या तेव्हा काकूंनी भजीची प्लेट खाली ठेवली. काकूंनी 'ती फुलराणी' स्टेजवर बघितलंय, दूरदर्शनवर त्यांना बघितलंय, त्यांच्यासाठी ही बाई घरातलीच. म्हणाल्या, "किती ताठ चालते बघ. २००१ ला गेली गं ती, एक्सप्रेसवेला." भक्तीबाईंनी रंगवलेली ती संपादिका किती आतल्या गाठीची आहे, वरून सत्यशोधक आणि आतून व्यापारी, ती भूमिका मराठी माणसांनी पुन्हा एकदा नीट बघावी असं मला मनापासून वाटतं, सगळे फुलराणीपाशीच थांबतात. त्यांचे पती शफी इनामदार आणि सतीश शाह, दोघं 'ये जो है जिंदगी'मध्ये एकत्र होते, १९८४. त्यात सतीश शाह दर भागात नवं पात्र घेऊन यायचे. कुंदन शाहच होते त्याच्यामागेही. ही सगळी एकमेकांत गुंतलेली माणसं होती, मैत्रीवर चाललेलं काम होतं. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचे पैसे, सगळं मिळून सात लाखांच्या आत, नसीरचा स्वतःचा कॅमेरा पिक्चरमध्ये वापरला आणि तो शूटिंगमध्ये चोरीला गेला, महाभारतात दुःशासन म्हणून जो उभा आहे तो चक्क विधु विनोद चोप्रा, प्रॉडक्शन सांभाळणारा माणूस.

मग डिमेलो मरतो, त्याच्या प्रेताची पळवापळवी सुरू होते. आणि खरं बघायला बसलो होतो ते इथून पुढे सुरू झालं.

शवपेटीला चाकं आहेत. ती रस्त्यावर घरंगळत येते आणि ओम पुरी, म्हणजे बिल्डर आहुजा, तर्र होऊन तिला बंद पडलेली गाडी समजतो आणि आतल्या डिमेलोशी गप्पा मारतो, तुझी गाडी मी ओढून नेतो म्हणतो. सगळं बोलणं ओम पुरींचं. मी ठरवल्याप्रमाणे फक्त प्रेताकडे बघत होतो. आणि पहिल्यांदा जाणवलं की समोरचा माणूस एवढा जीव तोडून विनोद करतोय, त्याचा चेहरा इतका जवळ, आणि या माणसाला काहीही प्रतिक्रिया द्यायची नाहीये. हसायचं नाही हे तर झालंच, पण न हसण्याची धडपडही दिसायला नको. तोंड आवळून हसू दाबणारा माणूस लगेच कळतो. इथे चेहऱ्यावर काही दाबलेलं नाहीये. रिकामा आहे.

मुलगी म्हणाली, "बाबा, पॉज कर, श्वास बघू." मग आमचा तोच उद्योग सुरू झाला. पॉज, मागे, पुढे. पोटाकडे बघा, छातीकडे बघा, पापणीकडे बघा. एवढा भरलेला देह, श्वास घेतला तर कुठेतरी दिसणारच. काका टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे. एक-दोनदा वाटलं सापडला श्वास, पण ओढणाऱ्यांच्या धक्क्यानं शर्ट हलला होता. आम्हाला कुणाला तो सापडला नाही, निदान त्या रात्री तरी.

महाभारताच्या सीनला बाबांनी भजी बाजूला ठेवली, पाठ सरळ केली. तो सीन मी किमान पन्नास वेळा बघितला असेल. डिमेलोच्या प्रेताला साडी नेसवून द्रौपदी केलीये, स्टेजवर एकेक जण घुसतोय, द्रौपदी कुणाची यावर मारामारी, धृतराष्ट्र बिचारा विचारतोय काय चाललंय. पन्नास वेळा मी बोलणाऱ्यांनाच बघितलं होतं. यावेळी डोक्यावर पदर घेतलेली द्रौपदी. ती कुणीतरी धरल्याशिवाय उभी राहू शकत नाही, म्हणजे स्टेजवरच्या प्रत्येकाला कुठल्याही क्षणी एक हात तिच्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. जो ओढेल त्याच्याकडे ती जाते. ज्याच्या अंगावर पडते तो एक पाऊल मागे सरकतो. त्या अख्ख्या गोंधळाचा तोल तिच्या वजनावर आहे. ते वजन खोटं वाटलं असतं, एकदा जरी पाय टेकवून ती स्वतः सावरली असती, तर सगळे डायलॉग कितीही भारी असू देत, सीन पोकळ झाला असता.

मी पॉज केलं आणि हे सगळं बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "जिवंत माणसाला असं वजन सोडता येत नाही. शरीर मदत करतं."

आणि मग त्यांनी चाळीतलं सांगितलं. आम्ही लहान असताना डिलाईल रोडला तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लाकडी जिना, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं. आजोबा गेले तेव्हा तिरडी त्या वळणावर आडवी येईना. चाळीत अशावेळी माणसाला खाली आणून मग तिरडीवर ठेवायचे. बाबांनी आणि धाकट्या काकांनी आजोबांना धरून उतरवलं, एक जण काखेतून, एक जण गुडघ्यातून. "आदल्या दिवशी मी त्यांना असंच उचलून संडासला नेलं होतं," बाबा म्हणाले. "तोच माणूस, तेच वजन. पण आदल्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला होता. अर्धं ओझं त्या हातानंच कमी होतं. दुसऱ्या दिवशी मान कुठे जाईल ती जाईल, आपणच बघायचं. वळणावर त्यांचं डोकं कठड्याला लागू नये म्हणून मी माझा हात मध्ये घातला, हे बघ." आणि त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट दाखवलं, सांध्यापाशी पांढरा व्रण. हा व्रण मी जन्मभर बघत आलोय. मला वाटायचं मॅनहोलचं झाकण लागलं असेल.

खोलीत सगळे गप्प. पडद्यावर साडी नेसलेला डिमेलो थांबलेला.

मग मुलगीच उठली. म्हणाली, मी करून बघते. सोळा वर्षांची आहे, शाळेपासून नाटकात काम करते, आंतरशालेय स्पर्धेत बक्षीस मिळालंय. मधोमध उभी राहिली, मी एका बाजूनं आणि काका दुसऱ्या बाजूनं दंड धरले, आणि म्हटलं सोड अंग. तिनं डोळे मिटले, सोडलं, आणि आम्ही जरा डावीकडे झुकवलं तर तिचा डावा पाय टुणकन पुढे. परत. आता गुडघे सोडले पण खांदे वर, कानांपाशी. परत. खांदे सोडले तर मान कडक. मी तिच्या डोक्यामागे तळहात ठेवला आणि म्हटलं, डोकं हातात दे. ती म्हणाली दिलंय की. मी हात काढला, डोकं तिथेच हवेत. दिलंच नव्हतं. आठ-दहा वेळा केलं, ती चिडली, रडवेली झाली, म्हणाली मला कळतच नाहीये की मी धरून ठेवलंय.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "घाबरतं गं शरीर. त्याला वाटतं पडेन. पडू देणार नाहीत असा भरवसा पाहिजे दुसऱ्यावर."

मला त्या क्षणी सतीश शाह एकदम वेगळे दिसले. ते स्टेजवर, सहा-सात माणसं हिसकाहिसकी करतायत, कुणी दमलेला असेल, कुणाचा पाय साडीत अडकत असेल, बजेट नाही, वेळ नाही, आणि हा माणूस मान सोडून, गुडघे सोडून त्यांच्या हातात पडलाय. म्हणजे त्यानं नसीरवर, रवी बासवानीवर, त्या सगळ्या पोरांवर पूर्ण भार टाकलाय. आणि मेलेल्याचं काम असं की टेक चांगला झाला तर लोक बोलणाऱ्यांना हसणार. आपण त्यांना इतकी वर्षं दिलखुलास विनोदी नट म्हणत आलो, ते होतेच, पण हे मी कधी म्हटलं नव्हतं, की हा माणूस सोबतच्यांना सगळं देऊन टाकणारा नट होता. मला ते आधी दिसायला हवं होतं. ते असताना.

उरलेला पिक्चर कुणी पॉज केला नाही. पडलेल्या पुलाचं खापर नसीर आणि रवी बासवानीवर फुटलं. दोघं कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून चालत येतात, ते गाणं, गळ्यावरून फिरवलेला हात. बाबा दरवेळी इथे उठून जातात, यावेळी बसून राहिले. काकू डोळे पुसत होत्या. बाबा एवढंच म्हणाले, "आपल्या इथला पूल नवा होईस्तोवर मी असेन का रे?" मी म्हटलं असाल, आणि उरलेली भजी काकूंना डब्यात भरून दिली.

काका-काकू गेले, भांडी झाली, बाबांची गोळी झाली. कॅसेट त्यांच्या उशाशीच होती. त्यांनी विचारलं, तो लॅमिंग्टन रोडवाला पुसताना पट्टीला स्पिरिट लागू दिलं नाही ना. मी म्हटलं नाही, अक्षर तसंच आहे. त्यांनी दिव्याखाली धरून बघितलं आणि मग ठेवली.

साडेअकराच्या सुमारास मी हॉलमधला दिवा बंद करायला गेलो तर मुलगी सोफ्यावर उताणी, डोळे मिटलेले, हात खाली लोंबकळत ठेवलेला. म्हणाली, "बाबा, आता बघ." मी तिच्या मानेखाली तळहात घातला आणि डोकं हळूच उचललं. यावेळी तिनं खरंच सोडलं होतं. एवढं जड असतं डोकं हे मी ती तान्ही होती त्यानंतर पहिल्यांदाच अनुभवत होतो, माझं मनगट वाकलं, मी दुसरा हात लावला. डावीकडे नेलं तर डावीकडे गेलं. उजवीकडे नेलं तर उजवीकडे.

आतून बाबांचा आवाज आला, त्यांच्या पलंगावरून दारातून सोफा दिसतो.

"पोट हलतंय."

आणि ती फिसकन हसली.